बहुधा विसरले असावेत

पेपरात आपल्याला विसराळू म्हटलं आहे ही बातमी थेंबकाकांना जिन्यात कळली, आणि तीही हप्त्याहप्त्याने. कारण ती सांगणारे वरच्या मजल्यावरचे हेडक्लार्क गुडघ्यांमुळे एका पायरीला एकच वाक्य बोलत.

"काका, पेपरात आलात तुम्ही." एक पायरी. "म्हणजे नाव नाही आलं, पद आलंय, पाणी तपासनीस." दुसरी पायरी. "पण त्या पदावर शहरात दुसरं कुणी नाही ना?"

नव्हतं. सार्वजनिक तरण तलाव एकच होता. त्याचं पाणी रोज सकाळी काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब मोजून टाकायचे, रंग बघायचा आणि वहीत नोंद करायची, हे काम एकतीस वर्षं एकच माणूस करत आला होता. गल्लीने त्यांना थेंबकाका हे नाव दिलं ते त्यामुळेच. सुरुवातीला ते चिडवण्यासाठी होतं. पुढे बायकोच्या माहेरच्या पत्रांवरसुद्धा तेच येऊ लागलं, तेव्हा काकांनी विरोध मागे घेतला.

हेडक्लार्कांनी शेवटच्या पायरीवर पेपर उलगडला. चौकशी समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. तरण तलावाच्या दुर्दैवी घटनेला 'सवयीने विसराळू असलेला पाणी तपासनीस' जबाबदार होता.

"सवयीने!" काका म्हणाले. त्यांना 'विसराळू'पेक्षा 'सवयीने' जास्त लागलं.

आता ती दुर्दैवी घटना काय, तेही सांगायला हवं. पाच महिन्यांपूर्वी तलावाला नव्या फरश्या बसल्या आणि तो थाटात पुन्हा सुरू झाला. उद्घाटनाला ज्येष्ठांची शर्यत ठेवली होती. अकरा मान्यवर पाण्यात उतरले. अकराही जण पांढऱ्या केसांचे, आणि त्यात खात्याचे सचिवही होते, पांढऱ्या मिशांसकट. शर्यत कोण जिंकलं ते आजतागायत कुणाला आठवत नाही, कारण पाण्याबाहेर आलेल्या अकराही जणांचे केस हिरवे झाले होते. पोपटासारखे नाहीत, पण जुन्या तांब्याच्या भांड्यावर हिरवा थर चढतो तसे. समाजात मान असलेले अकरा वयस्कर गृहस्थ टाळ्यांच्या गजरात अक्षरशः हिरवट झाले. सचिवांना तर दुसऱ्या दिवशी एका महत्त्वाच्या बैठकीत मिशीवर रुमाल धरून बोलावं लागलं.

कारण साधं होतं. शेवाळ मरावं म्हणून पाण्यात मोरचूद टाकतात, तो निळा खडा. तो जास्त पडला की पांढरे केस हिरवे होतात. म्हणजे कुणीतरी जास्त टाकला होता. कोणी, एवढाच प्रश्न होता. रस्त्याच्या खड्ड्यात माणूस पडला तर समिती नेमायला सहा महिने लागतात. मिशी हिरवी झाली तर दोन दिवस पुरतात, हा शोध शहराला तेव्हा लागला. दोन दिवसांत एकसदस्य समिती नेमली गेली. समितीने तलावाला सील ठोकलं, काकांची बदली आवक-जावकच्या टेबलावर झाली, आणि साडेचार महिन्यांनी हा अहवाल आला. मधल्या काळात काकांना कुणीही, काहीही विचारलं नव्हतं.

"मला विचारायचं तरी!" काका घरात शिरत म्हणाले.

"काय विचारायचं?" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"काहीही! साधं, काका तुम्ही काय केलंत, एवढंच."

"बरं. गॅस बंद केलात का मघाशी?"

काका जागच्या जागी थांबले. काकूंनी हे सहज विचारलं होतं. पण एकतीस वर्षांत त्यांनी ते कधी विचारलं नव्हतं.

पुढचे काही दिवस काकांनी आयुष्यात सोसले नाहीत असे अपमान सोसले, आणि सगळे काळजीच्या वेषात आले. इमारतीची टाकी साफ करून घेण्याचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं. सोसायटीच्या सभेत ते "काकांना आता विश्रांती द्यावी" असं म्हणून काढून घेतलं गेलं. शेजारच्या आजीबाईंनी बदाम भिजवून खायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी "खाल्लेत ना, की विसरलात?" असंही विचारलं. वाचनालयात पुस्तक परत करायला गेले, तर ग्रंथपालांनी ते कौतुकाने हातात घेऊन "अरे वा, वेळेत!" म्हटलं. सगळ्यात वाईट म्हणजे एका सकाळी काका चष्मा शोधत होते आणि तो डोळ्यांवरच होता. हे जगात कुणाचंही होतं. पण त्या सकाळी काका पलंगाच्या कडेला बसून राहिले, आणि थोडा वेळ त्यांना खरंच वाटलं, की सरकारला आपल्याबद्दल आपल्यापेक्षा जास्त माहीत असावं.

मग ते उठले. "अहवाल बघायचा," म्हणाले. "आधी नीट बघायचा, मग घाबरायचं."

अहवालाची प्रत नक्कल विभागात मिळत असे. तिथे जाळीमागे बसलेल्या बाईंनी अर्ज उलटसुलट करून पाहिला.

"तुम्ही बाधित व्यक्ती का?"

"पूर्णपणे बाधित."

"कोणत्या परिच्छेदाने?"

"ते बघायलाच तर प्रत हवी."

"परिच्छेद क्रमांकाचा रकाना भरल्याशिवाय बाधित व्यक्तीला प्रत देता येत नाही."

"आणि प्रत पाहिल्याशिवाय मला रकाना कसा भरता येईल?"

"तो तुमचा प्रश्न झाला," बाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी खरोखर विचार करून हे उत्तर दिलं होतं.

हेडक्लार्क चाळीस वर्षं अशाच जाळीमागे बसले होते. रात्रीचं जेवण बाजूला सारून त्यांनी तोडगा काढला. "अहवालात परिच्छेद किती?"

"पेपरात चारशे बारा म्हटलंय."

"मग चारशे बाराही लिहा. एक, स्वल्पविराम, दोन, स्वल्पविराम. रकाना भरायला सांगितलाय ना? भरा. जास्त भरू नये असं कुठे लिहिलंय?"

रकाना अंगठ्याच्या नखाएवढा होता. काकांनी 'सोबत जोडपत्र' असं लिहून चारशे बारा आकडे सहा पानांवर सुवाच्य अक्षरात काढले. दुसऱ्या दिवशी बाईंनी सहाही पानं तपासली. तीनशे छप्पन्न दोनदा आला होता, तो एकदा खोडून घेतला, आणि समाधानाने शिक्का मारला. प्रत मिळाली.

काकांचं प्रकरण परिच्छेद दोनशे सत्त्याऐंशीमध्ये होतं. तलावाचे व्यवस्थापक समितीपुढे तीन दिवस बोलले होते. समितीने त्यांना चहा पाजून, पंख्याखाली बसवून, त्यांचं सारं म्हणणं छत्तीस पानांत उतरवून घेतलं होतं. त्या छत्तीस पानांवरून समितीने ठरवलं, की 'सदर तपासनीसाने एकदा टाकलेला मोरचूद, टाकल्याचे विसरून, पुन्हा टाकला असावा.' आणि त्याखाली आणखी एक वाक्य होतं: 'सदर तपासनीसास नोटीस देऊनही ते समितीसमोर हजर राहिले नाहीत. बहुधा विसरले असावेत.'

काकांनी ते वाक्य चार वेळा वाचलं. मग काकूंना वाचून दाखवलं. काकूंनी कणकेचा हात तसाच कपाळाला लावला.

"कसली नोटीस?"

नोटीस खरोखर निघाली होती. ती तरण तलावाच्या पत्त्यावर गेली होती. तरण तलावाला समितीनेच सील ठोकलं होतं. पोस्टमनने ती दाराखालच्या फटीतून आत सरकवली होती, आणि बहुधा अजून ती तिथल्या नव्या फरशीवर पडून होती. न मिळालेल्या नोटिशीला हजर न राहणं हा काकांच्या विसराळूपणाचा समितीला मिळालेला सर्वांत भक्कम पुरावा होता.

काकांनी समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. उत्तर आठ दिवसांत आलं, हे सरकारी कामाच्या इतिहासात नोंदवण्यासारखं आहे. 'समितीचे काम पूर्ण झाल्याने समिती अस्तित्वात नाही. अस्तित्वात नसलेल्या समितीस आपल्या पत्राचा विचार करता येणार नाही.' खाली सही होती: अध्यक्ष, चौकशी समिती.

"सोडून द्या आता," काकू म्हणाल्या. "चार महिन्यांनी निवृत्त व्हायचंय. कोण लक्षात ठेवतंय?"

"तोच तर मुद्दा आहे," काका म्हणाले. "मी ठेवतोय."

आणि ते उठून पुतणीकडे गेले.

पुतणी वकील होती. तिचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. खालून मशीन चालू झालं की तिचं टेबल थरथरायचं आणि अशिलांना वाटायचं की ही घाबरली आहे. तिने अहवाल वाचला, पत्र वाचलं, आणि ती हसली. काकांना ते आवडलं नाही.

"काका, हे आपण कोर्टात नेऊ शकतो. पण एक आधी समजून घ्या. कोर्ट पाण्याबद्दल काही बोलणार नाही. मोरचूद कोणी टाकला हे ते ठरवणार नाहीत."

"मग कोर्टात जायचं कशाला?"

"तुम्हाला न विचारता तुमच्याबद्दल ठरवलं, तेवढ्यासाठी. माणसावर ठपका ठेवण्याआधी त्याला सांगायला हवं, की बाबा, तुझ्याबद्दल असं म्हणतायत, तुझं काय म्हणणं आहे? ते केलं नसेल तर कोर्ट तो ठपका पुसतं. तो खरा होता की खोटा, हा वेगळा प्रश्न."

"म्हणजे मी निर्दोष आहे असं कुणी म्हणणारच नाही?"

"नाही."

काका नाराज झाले. एवढ्या लांब येऊन 'विचारायला हवं होतं' एवढंच पदरात पडणार, हे त्यांना अर्ध्या मापाचं वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की पहिल्या दिवसापासून आपण दुसरं काही म्हणतच नव्हतो.

"ठीक आहे. दाखल कर."

"करते. पण वकिलापासून काही लपवायचं नाही. मला सगळं सांगा."

तेव्हा काकांनी तिला ती एक गोष्ट सांगितली, जी काकूंनाही माहीत नव्हती. उद्घाटनाच्या आदल्या दुपारी व्यवस्थापक त्यांना म्हणाले होते, "उद्या तुम्ही येऊ नका. फोटोबिटो असतात, तुम्ही नळ्या घेऊन मध्येमध्ये दिसाल." एकतीस वर्षं ज्या पाण्याची नाडी बघितली, त्याच्या उद्घाटनाला 'मध्येमध्ये दिसाल'! औषधांच्या खोलीची किल्ली रोज घरी न्यायची, असा नियम होता. त्या दिवशी काकांनी ती घरी नेली नाही. रागाच्या भरात खोलीबाहेरच्या खुंटीला टांगली आणि ते निघून गेले. घ्या तुमचा तलाव, सांभाळा. व्यवस्थापकांना संध्याकाळी कोपऱ्यात शेवाळ दिसलं असणार, पाहुण्यांच्या भीतीने त्यांनी खोली उघडून मोरचुदाची पिशवीच्या पिशवी ओतली असणार.

खाली मशीन चालू झालं आणि टेबल थरथरलं.

"काका, पुन्हा चौकशी झाली तर हे तुम्हाला विचारतील."

"विचारू देत ना! विचारा, विचारा, हेच तर मी बोंबलतोय."

कोर्टात जाताना काका काचेच्या नळ्यांची पेटी घेऊन गेले. दारावरच्या शिपायाने ती ठेवून घेतली. काकांनी पाण्याचं शास्त्र दहा मिनिटांत समजावून सांगितलं, शिपायाने ते मन लावून ऐकलं, आणि पेटी ठेवूनच घेतली.

न्यायमूर्ती एक बाई होत्या. चष्म्यावरून बघत. सरकारी वकील उंच आणि घाईत होते.

"अहवाल म्हणजे केवळ मत आहे," ते म्हणाले. "त्याने अर्जदाराचं काही बिघडत नाही. शिवाय त्यात त्यांचं नावही नाही."

"त्या पदावर किती माणसं आहेत?"

"एक."

"मग नाव लिहून शाई कशाला घालवायची," न्यायमूर्ती म्हणाल्या. "पुढे?"

"त्यांना नोटीस दिली होती."

"कुठे?"

"तरण तलावाच्या पत्त्यावर."

"तलाव तेव्हा चालू होता?"

"नाही. सील केलेला होता."

"कुणी?"

वकिलांनी कागद चाळले. पुन्हा चाळले. मागे बसलेल्या माणसाला काही विचारलं. "समितीने," ते म्हणाले, पण हळू.

"आणि नोटीस कुणी पाठवली?"

"समितीने." आणखी हळू. मग त्यांनी आवाज सावरला. "पण ते आले असते, तरी निष्कर्ष हाच निघाला असता."

"हे तुम्हाला त्यांचं न ऐकताच कळलं?"

कोर्टात कुणीतरी खोकलं. काकांना राहवलं नाही, ते उठून उभे राहिले. "बाईसाहेब, मोरचुदाचं प्रमाण..." पुतणीने त्यांचा सदरा ओढला.

"बसा," न्यायमूर्ती म्हणाल्या, रागावून नाही. "तुमच्या पाण्याबद्दल आम्ही इथे काहीही ठरवणार नाही. तुमची चूक असेलही, नसेलही. पण तुमच्या पाठीमागे ती ठरवता येणार नाही."

परिच्छेद दोनशे सत्त्याऐंशी रद्द झाला. दुसऱ्या अधिकाऱ्याने, काकांना रीतसर बोलावून आणि त्यांचं ऐकून घेऊन, तेवढ्या भागाची चौकशी नव्याने करावी असा हुकूम झाला. पुतणीने आनंदाने त्यांचा हात दाबला. काका मात्र बाहेर येईपर्यंत पुटपुटत होते, "असेलही म्हणजे काय? असेलही?"

नवी नोटीस घरच्या पत्त्यावर आली. काकांनी ती देवळातल्या प्रसादासारखी दोन्ही हातांनी घेतली. संध्याकाळी हेडक्लार्क खास उतरून आले. पुतणीने त्यांना काही सांगितलं नव्हतं, पण चाळीस वर्षांच्या अनुभवाने त्यांना वास आला होता.

"काका, तुम्हाला अडचणीचा प्रश्न विचारला ना, की एकच उत्तर द्यायचं. आठवत नाही. मी तीन चौकशांमधून त्यावर सुखरूप बाहेर पडलोय."

काकूंनाही एव्हाना किल्लीचं कळलं होतं. काकांनीच सांगितलं होतं. आता त्या म्हणाल्या, "बरोबर सांगतायत ते. एवढं जिंकलात, आता स्वतःच्या पायाने खड्ड्यात जाऊ नका. आठवत नाही म्हणा आणि घरी या."

"आठवत नाही?" काका म्हणाले. "मी आठवत नाही म्हणू?"

"हो."

"अगं, त्यासाठीच तर मी तीन महिने भांडलो! आणि आता तिथे जाऊन स्वतःच्या तोंडाने म्हणू की आठवत नाही? मग पहिला अहवाल काय वाईट होता?"

हेडक्लार्क उठून जिन्याकडे निघाले.

नव्या चौकशी अधिकारी पन्नाशीच्या, शांत बाई होत्या. टोक केलेल्या पेन्सिली समोर ओळीने लावलेल्या. त्यांनी खुर्ची दाखवली, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, "तुमच्यावर असा आरोप आहे. हे कागद, बघून घ्या. आणि मग तुमचं काय म्हणणं आहे ते मला सांगा."

काकांनी घसा साफ केला. त्यांनी पाण्याचा घोट घेतला. बाई थांबल्या. घाई केली नाही.

मग काका जे बोलले ते दोन दिवस बोलले. एकतीस वर्षांच्या वह्या त्यांनी ट्रंकेतून आणल्या होत्या. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी अकरा वाजता किती मोरचूद टाकला, पाण्याचा रंग कसा होता, खोलीत किती पिशव्या उरल्या, सारं तिथे होतं. समितीने सील ठोकताना केलेल्या मोजणीत मात्र एक पिशवी कमी भरत होती. समोर बसलेले व्यवस्थापक आपल्या बुटांकडे बघत होते. बाईंनी बावन्न प्रश्न विचारले. काकांनी ते मोजले. एकेका प्रश्नाने त्यांचा चेहरा उजळत होता, जणू इतकी वर्षं या प्रश्नांची वाटच बघत होते.

त्रेपन्नावा प्रश्न आला. "खोलीची किल्ली तुमच्याकडे असते. मग संध्याकाळी ती दुसऱ्याने उघडली कशी?"

पुतणी कोपऱ्यात बसली होती. तिने हळूच मान हलवली, म्हणजे गरज नाही. व्यवस्थापक पहिल्यांदाच वर बघू लागले.

"मी किल्ली खुंटीला टांगून गेलो होतो," काका म्हणाले.

"न्यायची विसरलात?"

पेन्सिल कागदावर टेकली होती. एक 'हो' म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं, आणि बाईंनी ती पळवाट बहुधा दयेनेच पुढे केली होती.

"मुळीच नाही," काका ताठ बसून म्हणाले. "मला नियम माहीत होता. कलम चौदा. या माणसाने माझा अपमान केला, मला राग आला, आणि मी ती ठरवून टांगली. ती माझी चूक. पिशवी ओतली ती त्यांची. माझी तेवढी माझ्या नावावर लिहा, त्यांची माझ्या नावावर लिहू नका. आणि विसरलो असं तर अजिबात लिहू नका."

व्यवस्थापकांनी घाम पुसला. बाईंनी पेन्सिल उचलली, आणि बराच वेळ लिहीत राहिल्या.

निवृत्तीला नऊ दिवस उरले असताना नवा अहवाल आला. तो सहा पानांचाच होता. मोरचूद व्यवस्थापकांनी ओतल्याचं त्यात होतं. पेपरात मात्र त्यातली एक ओळही आली नाही. आणि त्याबरोबर काकांच्या हाती लेखी ताकीद पडली, सेवापुस्तकात नोंदवण्यासाठी. एकतीस वर्षांतली पहिली आणि शेवटची.

ती घेऊन काका थेट वरच्या मजल्यापर्यंत जिना चढले. हेडक्लार्कांनी दारातच वाचली आणि हळहळले. शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, तर त्यांनाही मोठ्याने वाचून दाखवली. घरी काकूंनी चष्मा लावला आणि एकेका शब्दावर थांबत वाचू लागल्या.

"'सदर कर्मचाऱ्याने नियमाची पूर्ण माहिती असताना, जाणूनबुजून...'" काकूंनी कागद खाली केला. "अहो, जाणूनबुजून लिहिलंय! या वयात! शोभतं का हे?"

"शोभतं," काका म्हणाले. "पुन्हा वाच. जरा मोठ्याने."